आवाज आधी

रुग्णवाहिका मागवण्याच्या त्या कार्यालयात तिला सगळे जोडणीबाई म्हणत. इमारतीतल्या तारा, संगणक आणि इंटरनेटवरून चालणारे फोन तिच्या ताब्यात होते. अरेला कारे करायला ती कधी कचरली नाही. लग्न ठरलं तेव्हा ‘नोकरी सोडणार नाही’ असं तिने सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते इतके चकित झाले, की ‘बरं’ म्हणून मोकळे झाले.

तिची धाकटी नणंद तिथेच फोनवर बसायची. एका दुपारी तिने हेडफोन टेबलावर आपटला.

“वहिनी, तुझ्या या जाळ्यात माणसांचे शब्द अडकून मरतात! म्हाताऱ्याला धाप लागलीय, मुलगी पत्ता सांगतेय, आणि मला काय ऐकू येतं? ‘डावीकडे... खाली... लवकर.’ पुन्हापुन्हा विचारलं, तर रडत फोन ठेवला तिने.”

“मग?”

“मग काय! गाडी चौकात उभी, घर सापडेना. शेजारी धावत आले म्हणून वाचला बिचारा.”

जोडणीबाईच्या हातातला घास डब्यात परत गेला. दुखणं कुठे आहे, ते तिला ठाऊक होतं. फोनवरचा आवाज बारीक तुकड्यांनी जातो. तुकडा रेंगाळला, की वाया गेला आणि बोलणं तुटलं. ईमेल जरा उशिरा पोचली तर कुणाचं अडत नाही. म्हणून आधी काय सोडायचं, हे यंत्राला सांगून ठेवावं लागतं. पण इथे खुर्चीवर नवा साहेब आला, की आपल्या खात्याचं काम ‘आधी’त घालून घ्यायचा. रीतच पडली होती. हिशेब आधी, गोदाम आधी, फाटकावरचा कॅमेरा आधी, आणि संचालकांच्या व्हिडिओ बैठका तर सगळ्यांच्या आधी. सगळेच पहिले, मग मागे थांबणार कोण?

कुणालाही न विचारता तिने सगळे नियम उडवले. एकच ठेवला: माणसाचा आवाज आधी, बाकी सगळं मागून. आवाजाला जागा लागते मूठभर. इतरांना तेवढंच सरकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संचालक तरातरा खाली आले.

“बाई, भर बैठकीत पडद्यावरचं चित्र थिजलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं! लोक हसले!”

“तुमचं तोंड उघडं राहिलं तर हसं होतं साहेब. इथला फोन तुटला तर माणूस जातो.”

“होतं तसं करा. आत्ता.”

“नाही करणार.”

नणंद उगाच वायरीचा गुंता सोडवू लागली.

“कुणाशी बोलताय, कळतंय का?”

“कळतंय. म्हणून तर सावकाश बोलतेय.”

“अहो, त्या बैठकीत मी नव्या गाड्या मागत होतो! तुमच्यासाठीच!”

“मागा की. तुमचाही आवाज पहिलाच जातोय. चित्र बंद ठेवा.”

“चेहरा न दाखवता मागू?”

“गाड्या काय चेहरा बघून देणार आहेत?”

कोपऱ्यात कुणाला तरी खोकला आला. संचालकांचे कान लाल झाले.

“तुमच्या जागी दुसरा माणूस बसवीन मी.”

“बसवा. पासवर्ड त्याच्या हाती देईन. पण एक दिवस त्याला हिच्याशेजारी बसवा. धाप लागलेल्या माणसाला ‘पुन्हा बोला’ असं त्यालाच म्हणू दे. माझ्या हातून ते जुनं परत होणार नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. नणंदेने उचलला आणि पत्ता मोठ्याने म्हणत गेली: गल्ली, जिना, मजला, दाराचा रंगसुद्धा. एकदाही ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागलं नाही. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

संचालक खिडकीशी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, “यावर पुन्हा बोलू.”

“बोलू. मी इथेच आहे.”

ते गेल्यावर नणंद पुटपुटली, “वहिनी, दादाला काय सांगू? तुझी नोकरी गेली म्हणून?”

“अजून गेली नाही. गेली, तर मी सांगेन त्यांना,” जोडणीबाई डबा उघडत म्हणाली. “तू फोन घे, वाजतोय.”