खड्डा उकरायचा नाही

नवापुरात पोल्ट्रीवाल्यांच्या घरी दोन नियम मूल पाळण्यात असल्यापासूनच शिकवले जातात. शेडमधला पक्षी बाहेर सुटू द्यायचा नाही आणि मेलेला पक्षी दिवस मावळायच्या आत चुन्यात पुरायचा. रोगाच्या साथीत एकेक शेड रिकामी होताना आम्ही पाहिली आहे. या नियमांपुढे देवाचाही नंबर दुसरा.

त्या दुपारी वादळानं आमच्या शेडचे अर्धे पत्रे उडवले, काही आतच पाडले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खाद्याच्या खोलीत ढकललं आणि स्वतः शेडकडे धावले. अर्ध्या तासात मागचा नाला शेडमध्ये शिरला. पाणी ओसरल्यावर मी बाहेर आले, तर एकही कोंबडी हलत नव्हती. दिवस मावळायच्या आत आम्ही सगळ्या पुरल्या. फोटो काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. तोवर खड्ड्यावरची माती फुगून वर आली होती, चुन्याला भेगा पडल्या होत्या. वारा सुटला की वास थेट ओट्यापर्यंत यायचा. आमचा विमा वादळाचा होता, पुराचा नव्हता. नाला कधी इतका वर येईल, असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

"पत्र्यांचं मिळेल," सर्व्हेअर म्हणाला. "पण पक्षी कशानं मेले? पत्र्यांखाली की पाण्यात?"

"पत्राखाले मऱ्यात, साहेब," आबा म्हणाले.

"मग खड्डा उकरा. जनावरांचे डॉक्टर दोन-चार पक्षी फाडून बघतील. पाण्यात मेले नसतील, तर भरपाई मंजूर."

पक्ष्यांची भरपाई मिळाली नाही, तर नवी पिल्लं आणायची सोय नव्हती. शेड कायमची बंद पडणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी स्वतःच फावडं आणलं.

एवढ्यात आजूबाजूचे पोल्ट्रीवाले कुंपणाशी गोळा झाले. कुणी ओरडत नव्हतं, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "भाऊ, खड्डा उकरू नको. रोग पसरी, आमना पक्षी मरतीन."

आबांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि सर्व्हेअरला म्हणाले, "नही उकरतस. लिखी ल्या."

शेजाऱ्यांनी त्यांचे हात हातात घेतले. एकाचे तर डोळे भरून आले. मी मात्र आतून पेटले होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! सर्व्हेअरची गाडी फाटकाबाहेर पडताच मी आबांवर तुटून पडले. लोकांच्या कोंबड्यांसाठी आपली शेड बुडवलीत, तुम्हाला हक्काचंही मागता येत नाही, तोंडाला येईल ते बोलले.

माझं बोलून झाल्यावर आबा खड्ड्यापासून लांब, पंपापाशी जाऊन बसले. मीही मागोमाग गेले.

"पत्राखाले नही मऱ्यात, बेटा," ते म्हणाले. "जित्या व्हत्यात. बाहेर पडतीन म्हनीसन मीच दार उघाडं नही. पानी भराई गयं तवलग वरडी ऱ्हायन्त्यात."