बिहीचा वास

मॉलमधल्या पोरीने न विचारताच माझ्या मनगटावर सेंट फवारला. "क्विन्स आहे मॅडम. बिही म्हणतात ना, त्या फळाचा." पिकल्या पेरूवर मध ओतावा तसा तो वास नाकात शिरला आणि माझं डोकंच सटकलं.

ऐंशीच्या दशकात मरोळच्या कारखान्यात आम्ही बायका हाच वास बाटल्यांत भरायचो. बिहीचं फळ आमच्यातल्या एकीनेही पाहिलेलं नव्हतं. दिवसभर भरून नाक मरायचं, आम्हाला कसलाच वास यायचा नाही. पण साडी, केस, रिकामा डबासुद्धा घमघमायचा.

एका संध्याकाळी नव्या मॅनेजरने माझ्या मैत्रिणीला, सुमनला, गेटवर अडवलं. "एवढा वास येतोय, म्हणजे बाटली उचललीस." सगळ्यांदेखत त्याने तिला अंबाडा सोडायला लावला.

"मग मलाही हुंग ना! सगळ्यांनाच हुंग!" मी किंचाळले.

अंबाड्यातून दोन आकडे पडले, बस्स. तो साधं सॉरीही म्हणाला नाही. सुमन पुन्हा कामावर आली नाही.

"आवडला ना मॅडम?" पोरगी हसत उभी होती. तिच्या अंगालाही तोच वास होता.

"घरी जाताना तुझी पर्स तपासतात का गं?" मी विचारलं.

तिचं हसू गेलं. ती मान खाली घालून म्हणाली, "रोज."