तोंडी घातलेले शब्द

"हा परकर काढ," मास्तर म्हणाला. "फाटकं काहीतरी घाल."

फाटकं माझ्याकडे नव्हतं. बा मुंबईला गोदीत कामाला होता. त्यानं छिटाचं कापड आणलं होतं. आयनं त्याचं परकर-पोलकं हातानं शिवलं होतं. मास्तर स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाचं रिकामं गोणपाट घेऊन आला. ते माझ्या अंगाला गुंडाळलं. मग चुलीतली मूठभर राख घेतली आणि माझ्या केसांत चोळली. आयनं तेल लावून विंचरलेले केस.

कॅमेऱ्यामागून छावणी चालवणारी गोरी मडमबाई म्हणाली, "हसू नको."

मी हसत नव्हतेच.

नंतर साबणानं घासून आंघोळ घातली. पांढरा झगा चढवला. त्याच भिंतीपुढं परत उभं केलं.

"आता हस."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. आमची महारवाडी पोलादपूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला. उन्हाळ्याच्या तोंडाला हा मास्तर वाडीत आला होता. महाडचा, वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेला. म्हणाला, "घाटावर मिशनची छावणी भरते. देवापुढं सगळी लेकरं सारखी."

आयनं एकच विचारलं, "अक्षर शिकवाल ना?"

"शिकवू की."

आय मला म्हणाली, "जा गो. वाचायला शिकून ये."

वर गेल्यावर कळलं. मोठ्या घरांतली ख्रिस्ती मुलं व्हरांड्यात मेजावर जेवायची. आम्ही वाडीची पोरं जांभळीखाली. पाटी-पेन्सिल व्हरांड्यावर. आमच्या वाट्याला गाणी. पाणी मागितलं की मास्तर तांब्या उंच धरून वरून ओतायचा, आम्ही ओंजळ पुढं करायची. तांब्याला आमचं बोट लागू नये म्हणून तो अंग चोरून उभा राहायचा. आणि तोंडानं प्रभूचं नाव. गावातही आम्हाला असंच पाणी मिळायचं. पण गाव निदान सगळी लेकरं सारखी म्हणत नव्हतं. मला त्या पाण्याची शिसारी यायला लागली.

मग मास्तरानं मला वाक्यं पाठ करायला दिली. मुंबईचे साहेबलोक पाहुणे येणार होते, छावणीला मदत करणारे. त्यांच्यापुढं मी उभं राहून म्हणायचं होतं : "माझी आई मेलेलं ढोर खाते. मला आंघोळ ठाऊक नव्हती. मडमबाईंनी मला माणूस केलं."

मेलेलं ढोर! आमच्या वाडीनं ते सोडलं होतं. सगळ्यांनी बसून शपथ घेतली होती. ढोरं ओढायची नाहीत, ते मांस शिवायचं नाही. गाव चिडलं. आमची कामं बंद केली, रानातल्या लाकडांना हात लावू देईनात. आयनं कोनफळं उकडून आम्हाला जगवलं. स्वतः कितीदा पाणी पिऊन निजली. पण सोडलं ते सोडलं.

पाहुणे आले. खुर्च्यांवर बसले. माझे दोन्ही फोटो हातोहात फिरले. राखेतली मी आणि झग्यातली मी. एक मडम राखेतल्या फोटोकडं बघून रुमालानं डोळे टिपत होती. मास्तरानं मला पुढं ढकललं.

मी म्हटलं, "माझी आय मेलेलं ढोर खात नाय. गावानं उपाशी मारलं तरी तिनं खाल्लं नाय. माझ्या केसांत राख मास्तरांनी घातली."

सगळं बोलले.

मास्तर पाहुण्यांकडं वळून, हसून, इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मला काही कळेना. व्हरांड्यातली एक मोठी मुलगी माझ्याशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "तू मडमबाईंचे आभार मानलेस असं सांगितलं त्यांनी."

घरी जायचं ठरलं ते तेव्हा. गोणपाटानं नाही, राखेनं नाही. त्या टाळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा परकर घातला आणि घाट उतरणाऱ्या मोळीवाल्या बायकांच्या मागून खाली आले. कुणी अडवलं नाही. छावणीला हवे ते फोटो मिळाले होते.

आयनं सगळं ऐकलं. रडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर परत पोरं न्यायला आला, तेव्हा ती वाडीच्या तोंडाशी उभी राहिली. म्हणाली, "अक्षर शिकवायचं तर हितं शिकवा. आमच्या देखत. बसा."

तिनं घोंगडी अंथरली. मास्तरानं घोंगडीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "बघतो पुढं," म्हणाला आणि उभ्याउभ्याच गेला.

पुढं मी शिकले. मराठी शिकले, मग हट्टानं इंग्रजी. माझं बोलणं दुसऱ्या कुणी परस्पर साहेबाला सांगू नये म्हणून. आता वाडीतल्या बाया विचारायला येतात, पोर छावणीला पाठवू का? मी सांगते, आधी स्वतः जा. तुमच्या लेकराच्या तोंडी तुमच्याबद्दल काय घालतात ते कानांनी ऐका. ऐकू देत नसतील तर पोराचा हात धरा आणि घरी आणा. देव कुणाचाही असो.

माझी पोरं मी पाठवली नाहीत. पाठवणार नाही.