मेमसाहेबचे छल्ले अन् भानुमतीबाईंचं तूप

भानुमतीबाईंना पूजेत कंजूसी माहीतच नव्हती. तुळशीला पाणी घालायच्या तर अंगणात चिखल व्हायचा. मारुतीला शेंदूर लावायला गेल्या की पुजारी लांबूनच ओरडायचा, "बाई, देवाचे डोळे तरी उघडे ठेवा!" हात सढळ, मन त्याहून सढळ, अन् तोंडाचं तर विचारूच नको. आता अशी बाई, अन् तिच्या घरात बंदूक!

बंदूक होती नवऱ्याची, जयसिंगरावांची. ते संस्थानच्या फौजेत सुभेदार होते. मग फौज मोडली, संस्थान गेलं, मध्यप्रदेश झाला, राजधानी पण भोपाळवाल्यांनी नेली, अन् इंदूरचे सुभेदारसाहेब मिलच्या गेटावर बसून लोकांचे डबे तपासायला लागले. वर्षभर सगळे त्यांना, भैयाचं इंदुरी भिया करून, "ओ गेटवाले भिया" म्हणायचे. सुभेदार फक्त दसऱ्याला. त्या दिवशी सगळी जुनी फौजी घरं हातोदच्या रस्त्याला सोनं लुटायला जायची, अन् मग माळावर मटक्या टांगून निशाणेबाजी व्हायची.

जयसिंगरावांची रायफल विलायती. एका गोऱ्या साहेबानं जाताना दिलेली, लायसन-बियसन सगळं पक्कं. बाकीच्यांना दर गोळीला खिट्टी ओढावी लागायची. हिचं तसं नाही. एक गोळी सुटली की तिचीच गरम हवा आतल्या दट्ट्याला ढकलायची, अन् दुसरी गोळी आपोआप चढायची. त्या दट्ट्यावर बारीक बारीक छल्ले, हवा बाजूनं निसटू नये म्हणून. सायकलच्या पंपात वायसर असतो ना, तसंच समज. मोहल्ल्यात तिला मेमसाहेब म्हणायचे.

पण मेमसाहेबची एक खोड होती. श्रावणात तालीम केली की पटापट चालायची. दसऱ्याला मात्र सगळ्यांसमोर एक गोळी झाली की हटून बसायची. चुलतभाऊ अप्पासाहेब तर वाटच बघत असायचे.

"काय सुभेदार, मेमसाहेब रुसली वाटतं? जिलबी चारा तिला, जिलबी!"

सगळा माळ हसायचा.

जयसिंगराव म्हणायचे, छल्ले झिजले. मुंबईच्या एका दुकानातून नवे मागवायचे. कंपनीचे नव्हते ते, पण दुकानदार लिहायचा की कंपनीच्या छल्ल्यांपेक्षा भारी आहेत. भानुमतीबाई म्हणायच्या, नाही हो, आपली पूजा कमी पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. बाई पुढच्या वर्षी दुप्पट हळद-कुंकू लावायच्या, वरून तुपाची धार. पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही, उघडायचं नाही, असा घराचा रिवाज. इकडे छल्ले बदलत गेले, तिकडे तूप वाढत गेलं, अन् मेमसाहेब अडतच राहिली.

मग एका वर्षी जयसिंगराव म्हणाले, "भानू, यंदा पण अडली ना, तर कोतवालीत जमा करून येतो. बस झाली फजिती."

हसतच म्हणाले, पण ताटावरून अर्धपोटी उठले. बाईंना कळलं, बंदूक गेली की दसरा पण गेला. मग बारा महिने नुसते गेटवाले भिया.

खंडेनवमीच्या सकाळी जयसिंगराव ओसरीवर मेमसाहेब उघडून बसले. मुंबईचं पार्सल फोडलं, तर छल्ले भलत्याच मापाचे! बसेचनात.

"झालं!" ते म्हणाले. "आता श्रावणात होते तेच घालतो. होईल ते होईल."

बाईंनी पत्र्याची डबी ओढली, जुन्यांत एखादा बरा सापडतो का बघायला. गेल्या दसऱ्यानंतर जयसिंगरावांनी चिडून छल्ले काढले होते, अन् न पुसताच डबीत फेकले होते. एक छल्ला बाईंनी उजेडात धरला. त्यावर लुकण चिकटल्यासारखं काहीतरी वाळलेलं. नखानं खरवडलं. काजळी असती तर काळं निघालं असतं ना? हे निघालं पिवळं. वास घेतला. खवट तूप! आत झिरपून छल्ल्यांना चिकटून बसलेलं.

बाई खालीच बसल्या. बाई गं, म्हणजे इतक्या वर्षांची नवऱ्याची फजिती आपल्याच पळीतून झाली! सांगावं तर लाज, अन् पूजा सोडावी तर खंडेनवमी.

दुपारी जयसिंगराव पाटापाशी आले, तर पाटावर तलवार, कट्यार, अन् मध्ये एक सुपारी.

"अगं, मेमसाहेब कुठाय?"

"कपाटात. तिच्या जागी सुपारी मांडलीय. पूजेला जोडीचं माणूस हजर नसलं की सुपारी चालते ना?"

"पण ती तर घरातच आहे!"

"आहे हो, पण तिला यंदा तूप सोसत नाहीये. उद्या बोलू."

जयसिंगरावांचं मन ठिकाणावर कुठं होतं! "कर काय करायचं ते," म्हणून बसले. बाईंनी सुपारीवर एवढं तूप ओतलं की सुपारी दिसेना.

दसऱ्याला माळावर गर्दी. बायका टांग्यांत पोहे-शेवेचे डबे घेऊन बसलेल्या. जयसिंगरावांनी मेमसाहेब खांद्याला लावली. पहिली मटकी फुटली. अप्पासाहेबांनी तोंड उघडलं, "काय सुभेदार..." तेवढ्यात दुसरी फुटली. मग तिसरी, मग त्यापुढची, पार शेवटपर्यंत! अप्पासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे वा यार! छल्ले कुठून मागवले? आम्हाला पण पत्ता द्या ना!"

"छल्ले तर जुनेच आहेत," जयसिंगराव गोंधळून म्हणाले, अन् बंदुकीकडे बघत राहिले.

बाईंना राहवेना. टांग्यातून उतरल्या, पदर सावरला, अन् सरळ सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजी, छल्ल्यांत कधी खोट नव्हतीच. मीच त्या मशीनवर पुरणपोळीसारखं तूप ओतत होते."

 मग जयसिंगराव एवढे हसले, एवढे हसले की फेटा सुटला.

"म्हणजे दुश्मन माझ्या घरातच होता!"

"दुश्मन काय म्हणता? भक्त म्हणा!"

अप्पासाहेब हळूच आपल्या बायकोकडे वळले. "शांता, तू किती तूप घालतेस गं?"

"तुमच्या बंदुकीला? मी तेलावरच भागवते."

दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटावर एकानं डबा पुढं केला. "ओ गेटवाले..." म्हणता म्हणता थांबला, अन् म्हणाला, "सुभेदारसाहेब, बघता ना?" त्याचा डबा काही त्यांनी उघडला नाही.

अन् पुढच्या खंडेनवमीला सुपारीवर पहिली पळी जयसिंगरावांनी स्वतः ओतली. बाईंना म्हणाले, "हं, आता ओत तुला हवं तेवढं."