‘गॅल्व्हनाइज्ड’ या शब्दापायी

डॉ. वत्सलाबाई सोनकांबळे यांची पहिली भेट झाली ती कसबा पेठेतल्या आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत. मी नवा सहायक. बाई मुख्य संपादक. त्या म्हणाल्या, "बसा, आणि माझं काय चुकलं ते सांगा." मला थट्टा वाटली. पण तिथली रीतच ती होती. बाई प्रत्येक नोंद मोठ्याने वाचत आणि समोरच्याने आक्षेप घ्यायचा. शंका फिटेपर्यंत नोंद छपाईला जात नसे.

माझी आई आजारी होती, तेव्हा बाई कर्वेनगरहून माझ्यासाठी डबा आणत. आभार मानू लागलो की म्हणत, "उपाशी माणूस आक्षेप काय घेणार?"

कोशाचे शेवटचे वाचन होते, त्या दिवशी कोश मंडळाचे अध्यक्ष समोर येऊन बसले. प्रकाशन समारंभाची आमंत्रणे गेली होती. आणखी उशीर झाला तर संपादक बदलू, असे त्यांनी आधीच बजावले होते. बाईंनी स्वतः लिहिलेली नोंद वाचली: गॅल्व्हनाइज्ड, विशेषण, पत्र्याला जस्त चढवण्याची युक्ती काढणाऱ्या गृहस्थांच्या आडनावावरून.

नोंद चुकीची होती. ते आडनाव एका इटालियन शरीरशास्त्रज्ञांचे. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडताना त्यांनी पाहिले. पत्र्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण बोललो तर बाईंचे पद जाणार.

"आक्षेप?"

"नाही, बाई."

"चेहरा तर आहे म्हणतोय. बोला."

मी सांगितले. अध्यक्ष उसळले. "अहो, पत्रा घेणारा कोश उघडून बघतो का? छापा तसंच!"

"ही नोंद ज्या जुन्या ग्रंथातून घेतली, त्यातूनच मी आडनावांवरून आलेली सगळी विशेषणं घेतलीत," बाई म्हणाल्या. "सगळी पुन्हा तपासावी लागतील. माझ्या नावावर चूक जाणार नाही."

"मग तुमचं नावच नको."

"काढा. पण तपासल्याशिवाय छापू नका."

त्यांचे पद गेले. तरीही बाई रोज वेळेवर येत राहिल्या. सहायकांच्या बाकावर बसून त्यांनी एकेक विशेषण तपासले. कोश निघाला, तो संपादक म्हणून अध्यक्षांचे नाव घेऊन. मला त्याची अजून चीड येते. बाईंना येत नाही, याचीही येते.

बाई, आज आपण पंच्याहत्तरी पूर्ण करीत आहात. आपली प्रकृती ठणठणीत राहो, आणि आमच्या चुका काढायला आपण पुढे पुष्कळ वर्षे असा. हा गौरवग्रंथ म्हणजे आपले नाव मुखपृष्ठावर असलेले पहिलेच पुस्तक आहे.