आबांची नक्कल

सिनसिनाटीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात लोरीन स्टिडमला कळलं, की आपल्याला बोलता येत नाही. ती आली होती पूर्व केंटकीच्या डोंगरातून, एका अरुंद घळीतून, जिथे उन्हाळ्यातसुद्धा ऊन दहाच्या आधी अंगणात उतरत नसे. शहरातल्या एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायच्या कामावर ती लागली. एका गिऱ्हाईक बाईला तिने अदबीने विचारलं, "पोकात घालून देऊ का बाईसाहेब?" डोंगरात कागदी पिशवीला सगळे पोकच म्हणतात. ती बाई मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? आता हे डोंगरी लोक दुकानातसुद्धा आले." आणि दोघी हसत निघून गेल्या.

त्या दिवशी लोरीनने ठरवलं, की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. शेजारच्या टेबलावरची जुनी विक्रेती कशी बोलते ते ती दिवसभर कान देऊन ऐकायची आणि भाड्याच्या खोलीत आरशासमोर घोकायची. या शहरात जर्मनांची नातवंडं फार. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, तर ती 'काय?' म्हणत नाहीत, 'प्लीज?' म्हणतात. लोरीनने सगळ्यात आधी ते उचललं. दोन वर्षांत तिचं बोलणं असं घासून गुळगुळीत झालं, की ती कुठली हे कुणाला ओळखता येईना.

पुढे तिने बेकरीची गाडी चालवणाऱ्या रे नीहाउसशी लग्न केलं. सकाळच्या न्याहारीला सासूच्या हातचा गेटा आला. ओट्स आणि डुकराचं मांस एकत्र शिजवून, थापून, तळलेल्या त्या वड्या. मक्याच्या पावात साखर घालायची सवय झाली. गुरुवारी संध्याकाळी बायकांच्या संघातून बोलिंग, म्हणजे लाकडी पट्ट्यांवरून जड चेंडू घरंगळवून टोकाच्या पिना पाडायचा खेळ, आणि रविवारी पत्ते आले. सासरचं आडनाव चांगलं जर्मन होतं. कुणी माहेर विचारलं, तर ती सांगायची, "लेक्सिंग्टनकडचं." लेक्सिंग्टन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घोडे आणि पांढरी कुंपणं येतात. लोरीनने लेक्सिंग्टन पाहिलं होतं ते फक्त बस बदलताना.

खरं काय ते रेला ठाऊक होतं. पण त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि सांगण्यासारखंही काही वाटत नव्हतं. तो तसाच होता, सरळ.

लोरीनचा कान फार तयार होता. ज्या कानाने तिने शहराची बोली उचलली, त्याच कानात गावची बोलीही जशीच्या तशी बसलेली होती. एकदा बोलिंगच्या हॉलमध्ये खेळ संपल्यावर बीअर पीत बसलेल्या बायका नदीपलीकडून आलेल्या डोंगरी मजुरांची चेष्टा करत होत्या. संघाची कप्तान नॉर्मा वेसलिंग त्यांच्या बोलण्याची नक्कल करायला गेली, पण तिला ते जमेना. लोरीनच्या तोंडून निघून गेलं, "असं नाही गं. असं." आणि तिने खुर्चीत पाय फाकून बसत, हनुवटी वर करत, एका म्हाताऱ्या डोंगऱ्याचा आवाज काढला.

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला.

तो आवाज तिच्या वडिलांचा होता. एल्झी स्टिडम. लग्नाला ते पहिल्यांदा शहरात आले होते. रेने त्यांना 'चिली' या पदार्थासाठी प्रसिद्ध असलेल्या इथल्या दुकानात नेलं. तिथे शेवयांवर दालचिनीचा खिमा आणि वर चीजचा डोंगर घालून देतात. आबांनी एक घास खाल्ला, थांबले, आणि वाढणाऱ्याला खऱ्या काळजीने म्हणाले, "बाबा, तुमच्या सैपाकिनीच्या हातनं गोडाचा मसाला खिम्यात सांडलाय. तिला रागावू नगा. व्हतं कंदी कंदी." दालचिनी म्हणजे सफरचंदाच्या गोड पदार्थात घालतात तोच मसाला, त्यात आबांचं काय चुकलं? पण लोरीन तेव्हाही लाजेने टेबलाखाली जायची राहिली होती. आता तेच वाक्य तिने बोलिंगच्या हॉलमध्ये म्हटलं. मध्येमध्ये आबा श्वास घ्यायचे तसा श्वासही घेतला. एक शब्द, मग छातीतून किरकिरत ओढलेला दम, मग दुसरा शब्द. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा दम. लोकांना सगळ्यात जास्त हसू त्या दमाचंच यायचं.

मग तो रिवाजच पडला. खेळ संपला की नॉर्मा म्हणायची, "चला लोरीन, म्हाताऱ्याला बोलवा." पुरुषही शेजारच्या टेबलांवरून खुर्च्या ओढून यायचे. रे सगळ्यांत मोठ्याने हसायचा. लोरीन दर वेळी म्हाताऱ्याला नवीन ठिकाणी न्यायची. कधी लिफ्टमध्ये, कधी दाताच्या डॉक्टरकडे. घरी जाताना गाडीत तिला काहीतरी खुपायचं, पण तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. माणसं आपल्यावर हसत नाहीत, आपल्याबरोबर हसतात, हे सुख तिला नवीन होतं.

एकसष्ट सालच्या वसंतात हॉलच्या स्वयंपाकघरात नवी बाई कामाला आली. एका गुरुवारी लोरीन म्हाताऱ्याला केशकर्तनालयात घेऊन गेली होती, हसण्याचा नुसता गदारोळ चालला होता. तेव्हा ती बाई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ती हसत नव्हती. ओळखीचं माणूस कुठून बोलतंय ते शोधावं तशी ती बघत होती. टाळ्या संपल्यावर ती टेबलाशी आली.

"तू लोरी न्हवं?" ती म्हणाली. "म्या डोव्ही. बेगलींची. तुमच्या वरच्या घळीतली. एल्झीकाका बरं हायत का?"

टेबलावरच्या सगळ्या बायका लोरीनकडे बघत होत्या. लोरीनने भुवया थोड्या उंचावल्या आणि म्हणाली, "प्लीज?"

डोव्हीने कोरडे हात पुन्हा पुसले. "काई न्हाई," ती म्हणाली. "चूक झाली. मला वाटलं, वळखीच्या हायत." आणि आत निघून गेली.

"ही कोण?" नॉर्माने विचारलं.

"मला काय माहीत," लोरीन म्हणाली. तिने उरलेली बीअर तशीच ठेवली आणि बूट बदलायला घेतले.

डोव्हीने मनात काही ठेवलं नाही. उलट, शुक्रवारी दक्षिणेकडे निघालेल्या गाडीतून ती गावी गेली तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं, की एल्झीकाकांची लोरी शहरात त्यांचा आवाज असा काढते, की डोळे मिटले तर काकाच बोलतायत असं वाटावं, आणि शंभर माणसं टाळ्या वाजवतात. निदान लोरीनने तरी पुढे असंच मानलं, की ते कौतुकच होतं.

मेअखेरीस डोंगरातली सगळी माणसं गावी परततात. ती पूर्वजांच्या कबरींवरचं गवत काढतात, कागदी फुलं वाहतात आणि दफनभूमीतच चादरी अंथरून जेवतात. त्या वर्षी रे म्हणाला, "मीही येतो." लोरीनला नाही म्हणता येईना. टेकडीवर चादरींच्या रांगा लागल्या होत्या. दोऱ्यात ओवून वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगा डुकराच्या चरबीत शिजवून आणल्या होत्या, बिनसाखरेचा मक्याचा पाव होता, काकवी होती. रे तिसऱ्यांदा वाढून घेत होता. आबा एका दगडाला टेकून बसले होते. मागच्या वर्षापेक्षा ते पुष्कळ वाळले होते.

जेवणं होत आली तेव्हा ते म्हणाले, "लोरी, तू म्हनं माजी नक्कल करतीस."

लोरीनच्या हातातला पाव हातातच राहिला.

"डोव्ही सांगत हुती. म्हनली, लई झ्याक करतीस. मानसं पोट धरून हसत्यात." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडी उत्सुकता होती, आणि थोडा अभिमान. "आमाला बी दाव की."

"आबा, ते असंच काहीतरी," लोरीन म्हणाली.

"लाजतीय," मोठी महालाआत्या म्हणाली. "शहरात दावतीस आन् आपल्या मान्सांत लाजतीस व्हय गं?" शेजारच्या चादरींवरची पोरंबाळं सरकून जवळ आली. लोरीनने रेकडे पाहिलं. रे आपल्या ताटाकडे बघत होता.

ती उभी राहिली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. खिम्याचं आणि मसाल्याचं तेच वाक्य तिने धरलं. आवाज आपसूक आला, तो नेहमीच यायचा. एक शब्द, मग छातीतला तो दम, मग दुसरा शब्द. पोरं खिदळली. आत्या तोंडाला पदर लावल्यासारखा ॲप्रन लावून हसली. आबाही हसले, आणि त्यांचं हसणं खोकल्यात गेलं. खोकला थांबेना. लोरीन आवाज टाकून त्यांच्याकडे धावली. तिने त्यांची पाठ धरली तेव्हा हाताला एकेक बरगडी लागली.

खोकला ओसरल्यावर त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"बराबर काढलास," ते म्हणाले. "पर एक इचारू? म्या एवढा दम खातू?"

आत्याने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"मला वाटत हुतं, कुनाला कळत न्हाई," आबा म्हणाले. "म्या जपून बोलतू. हळू बोलतू." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "महाला, असंच आयकू येतं व्हय गं?"

आत्याने मान खाली घातली आणि भांडी गोळा करायला लागली.

परतीच्या वाटेवर नदी दिसेपर्यंत रेने गाडी कुठेच थांबवली नाही. मग म्हणाला, "मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो." लोरीनने खिडकीबाहेर तोंड केलं.

पुढच्या गुरुवारी नॉर्माने म्हाताऱ्याला बोलवायला सांगितलं तेव्हा लोरीन म्हणाली, की घसा बसलाय. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तिने घशाचंच नाव सांगितलं. तो म्हातारा कोण, हे काही तिच्याच्याने सांगवलं नाही. डोव्हीशी तरी बोलावं म्हणून ती दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच पाणी मागून परत आली. डोव्हीने दोन्ही वेळा पाणी दिलं.

जुलैत आबा स्वतःच आले. टेकडीवरच्या त्या दिवसानंतर त्यांनी छाती तपासून घ्यायची ठरवली होती. त्याआधी दहा वर्षं सगळे सांगून थकले होते. शहरातल्या डॉक्टरने छातीचे फोटो काढले आणि रेला बाजूला घेऊन सांगितलं, की आता करण्यासारखं फारसं काही नाही. आबा पंधरा दिवस राहिले. त्यांनी गेटा आवडीने खाल्ला, सासूबाईंना म्हणाले, "आमी बी मक्याच्या पिठात अशाच वड्या थापतू," आणि सासूबाईंनी त्यांना वाढताना दरवेळी एक जास्त वाढली.

गुरुवारी ते म्हणाले, "तू खेळतीस ती जागा दाव की."

नको म्हणायला लोरीनकडे दहा कारणं होती. तिने त्यांची टोपी आणून दिली. रेने गाडी काढली.

हॉलमध्ये संघाच्या बायका बूट बदलत होत्या, त्यांचे नवरे टेबलाशी बसले होते. लोरीन आबांचा हात धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. "हे माझे वडील," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

आबांनी टोपी काढली. 'राम राम मंडळी' म्हणावं तशा आपल्या डोंगरी रीतीने ते म्हणाले, "बरं हायसा का समदी? लोरीचं... तुमी लई... केलंसा."

शब्द. दम. शब्द.

नॉर्माचा नवरा खदकन हसला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. दोन वर्षं हा आवाज ऐकला की हसायची त्याला सवय लागली होती. त्याला वाटलं, लोरीनने आज गंमत म्हणून कुणाला तरी शिकवून आणलंय. दुसराही कुणी हसला. मग नॉर्माने आबांच्या निळ्या ओठांकडे पाहिलं, मग लोरीनकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मानेपासून तांबडा होत गेला. तिने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला एकेक करून कळत गेलं. जो तो आपल्या बुटांच्या नाड्या बघायला लागला.

लोरीनही खाली बघत होती. घासून चकचकीत केलेल्या लाकडाच्या पट्ट्या होत्या, त्यांत वरचे दिवे दिसत होते. आता बोलायला हवं, हे तिला कळत होतं. हसणं आपल्यावर घ्यायला हवं, आबांना त्यातून बाहेर काढायला हवं, हेही कळत होतं. पण तिची मान वर झाली नाही.

"एल्झीकाका," स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली. डोव्ही हात पुसत येत होती. "हितं कुटं उभं ऱ्हायलासा? आत या. खुर्ची हाय, वारं हाय. म्या शेंगा शिजाया घातल्यात, मालकाला दावू नगासा."

"डोव्ही व्हय?" आबांचा चेहरा उजळला. "तुजा बा कसा हाय?"

ते तिच्याबरोबर आत गेले. त्यांचं बोलणं, डोव्हीचं हसणं आणि मध्येमध्ये तो श्वास, पिना पडण्याच्या आवाजातून बाहेर ऐकू येत राहिला. लोरीन त्या दिवशी खेळली. तिची पाळी आली की ती उठत होती आणि चेंडू टाकत होती. कुणी तिच्याशी बोललं नाही. शेवटी नॉर्मा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आम्हाला काय माहीत गं. तू अजिबात तशी वाटत नाहीस." ते समजूत घालायला म्हटलेलं होतं. आणि लोरीनला ते ऐकून एक क्षण बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं.

घरी जाताना आबा मागच्या सीटवर बसले होते. "चांगली मान्सं हायत," ते म्हणाले. "हसरी."

"आबा, माझं चुकलं," लोरीन म्हणाली. वाक्य गुळगुळीत शहरी आलं, तिने घडवलेल्या बोलीतलं. दुसऱ्यांदा तिने ते डोंगरी बोलीत म्हणून पाहिलं, पण तसं म्हणताना ते नकलेसारखंच वाटलं, म्हणून अर्ध्यात थांबली.

"डोव्हीच्या शेंगांत मीठ जास्त हुतं," आबा म्हणाले. "पर तिला सांगू नगंस."

ते ऑक्टोबरात गेले. डोंगरात पानं लाल झाली होती, आणि तसल्या चढावर शवपेटी न्यायला माणसं कमी पडली, तेव्हा रेने खांदा दिला. डोव्ही शुक्रवारच्या त्या दक्षिणेकडच्या गाडीतून आली होती. कबरीपाशी दोघी शेजारी उभ्या होत्या. लोरीन तिला म्हणाली, "त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं."

"ठावं हाय मला," डोव्ही म्हणाली, आणि थोडी सरकून तिने लोरीनला उभं राहायला सपाट जागा करून दिली.