थोरकत्लाने खंडणी दिली नाही

शाळेने भंगारात काढलेला संगणक थोरकत्लाने घरी आणला तेव्हा तिचा नवरा एविंदुर ट्रॅक्टर चालवत होता आणि ती मागे ट्रॉलीत, त्या खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. खोकं तेव्हाच म्हातारं होतं. सुरू करायचं बटण दाबून कॉफी ठेवावी, कॉफी पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसायचं. पण स्कोगादाल खोऱ्यातल्या साऱ्या मेंढ्यांची वंशावळ त्यात होती. कुठली मेंढी कुणाची, कानाला कुठली खूण, आई कोण, बाप कोण, आजी डोंगरावरून वेळेवर उतरायची की दरवर्षी हट्टाने मागे राहायची, सगळं. ज्या प्रोग्रामात ही नोंद होती तो गावातल्या गणिताच्या मास्तरांनी लिहिला होता. मास्तर वारले आणि तो प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही संगणकावर चालेना.

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यावर नोंदीचं काम थोरकत्लाने अंगावर घेतलं. एविंदुर आजारी पडला त्या शेवटच्या हिवाळ्यात तो खिडकीपाशी बसून, दोन बोटांनी टकटक करत, प्रत्येक मेंढीखाली आपली टिपणं लिहायचा. ‘ही दगाबाज आहे.’ ‘हिला पावाचा तुकडा दाखवला की येते.’ ‘हिचं कोकरू वाचलं नाही, ती तीन दिवस ओरडत होती.’ फेब्रुवारीत तो गेला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, कोकरं जन्माला येण्याच्या धांदलीत, शेजारच्या ग्रोआच्या नावाने एक मेल आली. ‘माझ्या कोकरांची यादी सोबत जोडली आहे.’ थोरकत्लाचे हात अजून गोठ्यातल्या कामाने ओले होते. कपड्याला हात पुसून तिने यादी उघडली. यादी नव्हतीच. थोड्या वेळात एकेक फाइल बंद पडत गेली आणि पडद्यावर लाल चौकट आली. तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे, अमुक इतकी रक्कम आभासी नाण्यांत भरा, नाहीतर किल्ली नष्ट करू.

तिने ते दोनदा वाचलं. मग ग्रोआला फोन केला.

“तू मला यादी पाठवलीस?”

“मी? सकाळपासून माझा हात मेंढीच्या पोटात आहे. यादी कधी पाठवू?”

मग ती खुर्चीत बसून राहिली. वंशावळ पुन्हा गोळा करता आली असती, लोकांच्या खिशातल्या वह्या होत्या. पण एविंदुरची टिपणं दुसरीकडे कुठेच नव्हती.

खोऱ्यातल्या मेंढपाळ मंडळाचा चिटणीस केतिल संध्याकाळी आला. तिच्याहून वीस वर्षांनी लहान, चांगला माणूस, पण आपल्याला सगळं कळतं हा त्याचा आजार.

“भरून टाक,” तो म्हणाला. “मंडळ अर्धे देईल.”

“चोराला?”

“थोरकत्ला, एविंदुरचं लिखाण आहे त्यात.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “त्याचं लिखाण मी चोराकडून विकत घेतलं तर तोच मला वरून शिव्या घालील. आणि हे वाच. यांना आपल्या भाषेत धड एक वाक्य लिहिता येत नाही आणि मला धमक्या देतात!”

तिने एक कपर्दिकही दिली नाही. टिपणं गेली ती गेलीच. गोठ्यात मेंढ्यांमध्ये उभं राहून ती एकदा पोटभर रडली आणि मग तिथून थेट आस्मुंदुरकडे गेली.

आस्मुंदुर तीस वर्षं मासेमारी जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळायचा. आता बंदराच्या टोकाला राहायचा आणि त्याच्या घरात माणसापेक्षा तारा जास्त होत्या.

“मला हे शिकव,” ती म्हणाली. “पुन्हा कुणी माझ्या दारात आलं तर त्याने हात हलवत परत जायला हवं.”

“नवा संगणक घे आधी.”

“नवीन घेणार नाही. मास्तरांचा प्रोग्राम नव्यावर चालत नाही. आणि चार चोरांना घाबरून मी चालती वस्तू फेकू?”

आस्मुंदुर हसला. त्याने खोकं पुसून रिकामं केलं, मास्तरांची जुनी तबकडी शोधून प्रोग्राम परत चढवला. मग आधी त्यावर विषाणू पकडणारं एक सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. खोकं इतकं धापा टाकायला लागलं की माउस हलवला की बाण मिनिटभराने हलायचा. “पहारेकऱ्यानेच सगळं घर व्यापलं,” तो म्हणाला, “मालकाला बसायला जागा नाही. जाऊ दे. आपण दारच बुजवू.”

इंटरनेटची तार त्याने काढली आणि कात्रीने तिचं टोकच कापून टाकलं. यापुढे मेल फोनवर. नको असलेले प्रोग्राम एकेक करून उपटले. थोरकत्लाला रोजच्या कामासाठी वेगळं खातं दिलं, ज्यातून नोंदी करता यायच्या पण संगणकाच्या मुळाला हात लावता यायचा नाही. मग सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायला तीन डिस्का आणल्या. थोरकत्लाने त्यांना तीन रंगांची लोकर बांधली. काळी तिच्याकडे, पांढरी ग्रोआकडे, तपकिरी आस्मुंदुरकडे. दर रविवारी यातली एकच डिस्क आणायची, जोडायची, नक्कल घ्यायची आणि लगेच काढायची.

“जोडलेली ठेवलीस तर चोर तिलाही कुलूप लावील,” आस्मुंदुर म्हणाला. “आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे येऊन नक्कल उघडून बघायची, मास्तरांचा प्रोग्राम चालत नसला तरी आतली अक्षरं वाचता येतात. न उघडलेल्या नकलेवर विश्वास ठेवायचा नाही.”

“आणि एवढं करूनही आत शिरले तर?”

“शिरतील की. जहाज बुडणार नाही म्हणून कुणी लाइफबोट घरी ठेवून जातं का?”

दोन वर्षं ती वह्या मागत शेताशेतांवर फिरली आणि वंशावळ पुन्हा उभी केली. लोक थट्टा करायचे. केतिल तर मंडळाच्या सभेत सर्वांसमोर म्हणाला, “मंडळाची यंत्रणा आता नवीकोरी आहे. थोरकत्लाचं खोकं संग्रहालयात द्या, लोक तिकीट काढून बघतील.”

“तिकिटाचे पैसे मला आणून दे,” थोरकत्ला जागेवरूनच म्हणाली.

मागच्या नोव्हेंबरात, कुठल्या मेंढीला कुठला मेंढा लावायचा हे ठरवण्याच्या दिवसांत, केतिल तिच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आला. मंडळाने मेंढ्यांना नवे क्रमांक दिले होते.

“बाहेरची वस्तू मी खोक्याला लावत नाही.”

“बाहेरची? मंडळाची आहे! थोरकत्ला, तुझा आता अतिरेक होतोय. रीतसर पत्र आणू का?”

ती त्या दिवशी दमलेली होती. “लाव बाबा,” म्हणून तिने हात झटकला. केतिलने स्वतःच पेनड्राइव्ह लावला, स्वतःच फाइल उघडली, आणि थोड्या वेळाने पडद्यावर चौकट आली. या वेळी तिच्यात घड्याळही होतं. बहात्तर तास, आणि एकेक सेकंद कमी होत चाललेला.

केतिलने घाईने पेनड्राइव्ह उपटला. इतक्यात त्याचा फोन वाजला. मंडळाच्या कचेरीतले सगळे संगणक बंद पडले होते.

“थोरकत्ला, मी... मला...”

“बस,” ती म्हणाली. “कॉफी घे. आणि त्या खोक्याला काही लावू नकोस. डिस्कसुद्धा नाही.”

तिने आस्मुंदुरला बोलावलं. त्याने तपकिरी लोकरीची डिस्क आधी आपल्या घरच्या संगणकावर तपासली. रविवारपर्यंतचं सगळं होतं. “आत्ताच पुसून टाकू का हे?” त्याने विचारलं.

थोरकत्ला चौकटीकडे बघत होती. “नको. चालू दे घड्याळ. तार कापलेली आहे, ते कुणाला काही सांगू शकत नाही. मला ते शून्यावर आलेलं बघायचंय.”

तीन दिवस घड्याळ तिच्या स्वयंपाकघरात चालू होतं. ती त्याच्या शेजारी भांडी घासायची, बटाटे सोलायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पातळ पॅनकेक केले, रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा काढला, आणि निम्मं खोरं बोलावलं. बर्फाचे बूट दारात काढून लोक आत आले आणि टेबलाभोवती दाटीवाटीने बसले. केतिलही आला होता, कोपऱ्यात, बशी मांडीवर धरून.

“अजून चार मिनिटं,” ग्रोआ म्हणाली. “मुरांबा पुढे कर.”

शेवटचे दहा आकडे सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजले. शून्य आलं. पडद्यावर लिहून आलं, किल्ली नष्ट झाली, आता तुमच्या फाइली कायमच्या गेल्या.

“गेल्या का?” थोरकत्ला पडद्याला म्हणाली. “मग तूही जा.”

आस्मुंदुरने ज्यावर नवीन काही लिहिता येत नाही अशी तबकडी घालून खोकं सुरू केलं, सगळं पुसलं आणि तपकिरी डिस्क जोडली. खोक्याने आपला नेहमीचा वेळ घेतला. दोनदा कॉफी झाली. मग एकेक करून मेंढ्या पडद्यावर परत आल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. थोरकत्लाने वाजवल्या नाहीत. तिला एविंदुरची टिपणं आठवली. ती काही कुठल्याच डिस्कवर नव्हती.

सगळे गेल्यावर केतिल मागे राहिला. मंडळाच्या नवीकोऱ्या यंत्रणेची नक्कल होती खरी, पण ती रात्रंदिवस त्याच यंत्रणेला जोडलेली असायची. तिच्यासकट सगळं गेलं होतं.

“तुझी नोंद मिळेल का?” त्याने खाली बघत विचारलं.

“मिळेल की. मेंढ्या सगळ्यांच्या आहेत.”

त्याने सवयीने खिशात हात घातला.

“तो पेनड्राइव्ह बाहेर काढलास तर समुद्रात फेकीन,” थोरकत्ला म्हणाली आणि कपाटातून नोंदीची तीनशे चाळीस छापील पानं काढून त्याच्या हातात ठेवली. “बसून टाइप कर. हिवाळा मोठा आहे.”

केतिल मार्चपर्यंत टाइप करत होता. एप्रिलमध्ये तो तिच्याकडे आला आणि मंडळाच्या नकला किती असाव्यात, कुठे ठेवाव्यात, हे त्याने वहीत लिहून घेतलं. थोरकत्ला आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. या मे महिन्यात तिच्या गोठ्यात एकशे बारा कोकरं झाली आणि त्यातल्या प्रत्येकाखाली तिने स्वतः, दोन बोटांनी, एकेक ओळ लिहिली आहे.